पारितोषिक आणि विस्मय

पारितोषिक मिळालेल्या ग्रंथाविषयी स्वतःचे मत बनविताना वाचकाची मोठी चमत्कारिक अडचण होते. ग्रंथ आवडला, तर तो खरोखर आवडला की पारितोषिकाच्या भिडेने आवडून घेतला, अशी शंका मनात येते. नावडला, तर उणीव ग्रंथात आहे की आपल्या रसिकतेत, हे ठरविण्याचे धैर्य होत नाही. विज्ञानकादंबरीच्या बाबतीत ही अडचण दुणावते. तेथे पारितोषिकाच्या भिडेला शास्त्राच्या धाकाची जोड मिळते, आणि भौतिकशास्त्र न शिकलेला माझ्यासारखा वाङ्मयाचा शिक्षक तोंड उघडण्यापूर्वीच संकोचतो. तथापि कादंबरी ही कादंबरी म्हणून आपल्यापुढे येते, तेव्हा तिची परीक्षा करण्याचा वाचकाचा हक्क शास्त्रज्ञालाही हिरावून घेता येणार नाही. त्या हक्काच्या आधारे परदेशातील काही पारितोषिकप्राप्त विज्ञानकादंबऱ्यांविषयी माझी मते येथे मांडीत आहे. आणि त्यांच्या उजेडात आपल्या मराठी विज्ञानकादंबरीला काय साधले व काय साधावयाचे राहिले, याचाही विचार करण्याचा हेतू आहे.

प्रथम या पारितोषिकांचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. त्यांपैकी दोन विशेष मानाची आहेत. एक ‘ह्यूगो’. १९२६ साली ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढणाऱ्या ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या नावाने ते ओळखले जाते आणि १९५३ साली ते प्रथम देण्यात आले. जागतिक विज्ञानसाहित्य संमेलनाचे सभासद, म्हणजे मुख्यतः हौशी वाचक, आपल्या मतांनी ते ठरवितात. दुसरे ‘नेब्युला’, ते १९६५ सालच्या ग्रंथांपासून सुरू झाले व अमेरिकेतील विज्ञानकथालेखकांच्या संस्थेचे सभासद ते देतात. एक जेवणाऱ्यांचा कौल आणि दुसरा आचाऱ्यांचा, असे म्हटले तरी चालेल. एकाच ग्रंथास दोन्ही कौल मिळाले म्हणजे पदार्थ चांगला असावा असे अनुमान करणे गैर नाही. पण अनुमान म्हणजे अनुभव नव्हे. चव ज्याची त्यानेच घेतली पाहिजे.

ही चव घेताना मला आपल्या जुन्या साहित्यशास्त्राचा अनपेक्षित उपयोग झाला. भरताने अद्भुत हा स्वतंत्र रस मानला असून विस्मय हा त्याचा स्थायी भाव सांगितला आहे. आणि नाटकाच्या अखेरच्या, म्हणजे निर्वहण संधीत अद्भुताची योजना करावी, असेही तो सुचवितो. या सूचनेत मनुष्यस्वभावाची उत्तम पारख आहे. विस्मय हा फार लवकर विझणारा भाव होय. शोक उगाळता येतो, रती वर्षानुवर्षे टिकते, पण एकदा पाहिलेला चमत्कार दुसऱ्यांदा पाहताना तो चमत्कार राहत नाही. म्हणून शहाणा नाटककार तो शेवटासाठी राखून ठेवतो. विज्ञानकादंबरीकाराला मात्र ही सोय नाही. त्याचा चमत्कार पहिल्या प्रकरणातच उघड करावा लागतो, कारण पुढील सारी इमारत त्यावरच उभी असते. तेव्हा खरा प्रश्न असा की, पन्नासाव्या पानावर विस्मय ओसरला म्हणजे उरलेली अडीचशे पाने कादंबरीकार कशाच्या बळावर वाचावयास लावतो? पुस्तक दुसऱ्यांदा हाती घेतले की या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. मी हीच कसोटी लाविली आहे.

आर्थर क्लार्क यांची ‘राँदेव्हू विथ रामा’ ही १९७३ सालची कादंबरी या कसोटीवर कशी उतरते ते पाहू. तिला दोन्ही पारितोषिके मिळाली. सूर्यमालेत एक पाहुणा शिरतो. तो धूमकेतू नसून कोणा अज्ञात बुद्धिमंतांनी घडविलेले, सुमारे ५० किलोमीटर लांबीचे पोकळ दंडगोल आहे. ग्रीक व रोमन देवतांची नावे संपल्यामुळे ज्योतिषी हिंदू देवतांकडे वळले आहेत, म्हणून त्याचे नाव राम! माणसे त्यात उतरतात, हिंडतात, पाहतात. आणि राम त्यांची दखलही न घेता आपल्या वाटेने निघून जातो. पहिल्या वाचनात मी पुस्तक खाली ठेविले नाही. त्या अंधाऱ्या पोकळीत प्रथम प्रकाश पडतो तो प्रसंग केवळ अविस्मरणीय आहे. पण दुसऱ्या वेळी ध्यानात आले की, त्या नौकेतील माणसांपैकी एकाचेही तोंड मला आठवत नव्हते. ती सारी कर्तव्यदक्ष, हुशार आणि परस्परांसारखी माणसे आहेत. त्यांच्याजागी दुसरी नेमली असती तर कथेत काडीचाही फरक पडला नसता. शेवटी विश्वाच्या उदासीनतेची जी जाणीव मनाला स्पर्श करते ती खरी आहे. तेवढ्यावर हे पुस्तक तरते. एरवी ते उत्कृष्ट प्रवासवर्णन आहे, आणि उत्कृष्ट प्रवासवर्णन म्हणजे उत्कृष्ट कादंबरी नव्हे.

आयझॅक आसिमॉव्ह यांच्या ‘द गॉड्स देमसेल्व्ह्ज’ या १९७२ सालच्या कादंबरीचा मामला थोडा निराळा आहे. हिलाही दोन्ही पारितोषिके मिळाली. दुसऱ्या एका विश्वाशी देवाणघेवाण करून मनुष्यजातीस फुकट ऊर्जा मिळू लागते. या फुकटेपणाची किंमत पुढे सूर्यासकट सर्वांना मोजावी लागेल, असे एक शास्त्रज्ञ जीव तोडून सांगतो. पण ते कोणालाच ऐकावयाचे नसते. येथे शास्त्रीय कल्पनेतून माणसाच्या वर्तनाचा प्रश्न उभा राहिला आणि कादंबरीचा जन्म झाला. लाभाच्या आड येणारे सत्य समाज कसे टाळतो, याचे चित्र आज कोळसा व तेल जाळून तापविलेल्या पृथ्वीवर बसून वाचताना अधिकच झोंबते. परंतु आसिमॉव्ह यांना आपल्याच प्रश्नाचे ओझे शेवटपर्यंत पेलवत नाही. मधल्या भागात परक्या विश्वातील तीन लिंगांच्या प्राण्यांचे कुटुंब त्यांनी विलक्षण आपुलकीने रंगविले आहे. तिसऱ्या भागात मात्र सारा पेच एका नव्या शोधाने अलगद सुटतो. लोकांच्या आंधळेपणावर तोडगा निघत नाही, फक्त त्याची गरज उरत नाही. गणित सुटले म्हणून लेखक समाधान पावतो, आणि वाचकाचे समाधान वाटेतच राहते.

याच्या उलट, उर्सुला ले ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’. १९६९ सालच्या या ग्रंथाला त्या सालचे नेब्युला व पुढील वर्षीचे ह्यूगो मिळाले. एका गोठलेल्या ग्रहावर राहणारी माणसे एरवी ना स्त्री ना पुरुष. महिन्यातील थोडे दिवस तेवढी ती यांपैकी काही एक होतात. ही कल्पना ऐकून प्रथम कुतूहल वाटते, किंचित संकोचही वाटतो. सामान्य लेखकाने त्या कुतूहलाच्या भांडवलावरच धंदा केला असता. ले ग्विन बाईंनी तसे केले नाही. पृथ्वीवरून तेथे गेलेला वकील आणि त्या देशाचा पदच्युत प्रधान या दोघांना त्यांनी हिमनदीवरून ऐंशी-एक दिवस चालविले आहे. एक तंबू, एक शेगडी, मोजके अन्न आणि परस्परांविषयीचा संशय. या वाटेवर कल्पनेचे नवल हळूहळू विरत जाते, आणि ज्याला आपण कोणत्याच नात्याच्या साच्यात बसवू शकत नाही अशा माणसावर विश्वास कसा टाकावा, एवढाच प्रश्न उरतो. प्रधानाच्या मृत्यूनंतर तो वकील त्याच्या घरी जातो, तो प्रसंग मी दुसऱ्यांदा वाचला तेव्हा अद्भुताचा लवलेशही मनात नव्हता. होता तो निखळ करुण. अद्भुताने करुणाची चाकरी करावी, हे येथे पूर्णपणे साधले आहे. आरंभीची राजकारणाची प्रकरणे रेंगाळतात, हा दोष मी मान्य करतो. पण तो माफ करावासा वाटतो.

आता फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’कडे वळतो. १९६५ सालच्या या कादंबरीला पहिले नेब्युला मिळाले आणि १९६६ चे ह्यूगो दुसऱ्या एका कादंबरीबरोबर विभागून मिळाले. या पुस्तकाविषयी मी तटस्थपणे लिहू शकेन की नाही याची मला शंका आहे, आणि तिचे कारण माझे गाव आहे. जिंतूर तालुक्यातील आमच्या बोरीत उन्हाळ्याच्या अखेरीस घागरीचा आवाज ऐकून ती किती भरली आहे हे लहान मूलही सांगू शकते. अशा ठिकाणी वाढलेल्या वाचकास हर्बर्ट यांचा वाळवंटी ग्रह परका वाटत नाही. तेथील लोक अंगाचा घाम व श्वासातील ओल साठवून पुन्हा पिण्याजोगी करणारा पोषाख घालतात. मेलेल्याच्या देहातील पाणी जमातीच्या मालकीचे असते. आणि द्वंद्वात मारल्या गेलेल्या शत्रूसाठी नायकाच्या डोळ्यांत अश्रू येतात, तेव्हा पाहणारे थक्क होतात, कारण मृतासाठी पाणी खर्च करण्याएवढा उदार माणूस त्यांनी पाहिलेला नसतो. अश्रूची ही किंमत परदेशी वाचकास कविकल्पना वाटत असेल. आम्हांस ती हिशेबातली बाब वाटते.

एकदा सुटीत घरच्या ओट्यावर बसून ही कथा मी माझ्या वृद्ध काकांना सांगितली. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली, अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो आणि सुकडी खाल्लेली. त्यांनी प्रचंड किडे, राजपुत्र, भविष्य सांगणाऱ्या स्त्रिया हे सारे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “अन् तिथं पाऊस पडला तर?” मी सांगितले की, त्या ग्रहावरील अमोल मसाला त्या किड्यांपासून होतो, आणि पाणी हे त्या किड्यांना विष आहे, पाणी आले की मसाला संपला. काका म्हणाले, “मग तिथं पाऊस पडू नये असं वाटणारे बी असतील की.” ग्रंथाचे मर्म त्यांनी एका वाक्यात पकडले होते. कोरडेपणा हा केवळ निसर्गाचा कोप नसतो. त्यावर कोणाची तरी संपत्ती उभी असते. ही गोष्ट एवढ्या स्पष्टपणे कादंबरीच्या गाभ्यात बसविणारा दुसरा लेखक माझ्या वाचनात नाही.

असे असूनही ‘ड्यून’ माझ्या मते अखेरीस आपल्या विषयाला जागत नाही. वाळवंटातील लोक पिढ्यान् पिढ्या थेंब थेंब पाणी साठवून आपला ग्रह पालटण्याचा बेत करीत असतात. हा बेत म्हणजे या कादंबरीतील सर्वांत भव्य कल्पना होय. परंतु उत्तरार्धात तो बाजूला पडतो आणि त्याच्या जागी गादीसाठी चाललेले युद्ध येते. तारणहार बाहेरून येतो, तोही राजकुळातून. आणि ज्यांनी पाणी जमविले ते त्याचे सैनिक होतात. तारणहारांपासून सावध राहा, हेच आपल्याला सांगावयाचे होते, असा हर्बर्ट यांचा पक्ष आहे, आणि १९६९ सालच्या पुढील भागात त्यांनी तो मांडलाही आहे. पण पहिल्या भागाच्या शेवटी वाचक जयघोषात सामील झालेला असतो, तो झालाच. इशारा उशिरा पोचला तर त्याचा दोष ऐकणाऱ्यावर टाकता येत नाही.

यानंतर ल्यू त्स्ऽशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ या चिनी कादंबरीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. २००८ साली ती मूळ भाषेत पुस्तकरूपाने निघाली. केन ल्यू यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतराला २०१५ साली ह्यूगो मिळाले. भाषांतरित कादंबरीला हा मान प्रथमच मिळत होता. चीनमधील सांस्कृतिक क्रांतीत डोळ्यांदेखत ठार मारल्या गेलेल्या एका प्राध्यापकाची मुलगी पुढे शास्त्रज्ञ होते, आणि परग्रहावरील शक्तीला पृथ्वीवर येण्याचे आमंत्रण देते. कारण माणूस आपल्या बळावर सुधारेल ही आशाच तिच्यात उरलेली नसते. पुढील प्रकरणांत शास्त्रीय नवलाईची इतकी गर्दी होते की माणसे तिच्याखाली चेंगरतात, हे खरे. पण ती मुलगी मनातून जात नाही. येथे चमत्काराचे मूळ एका राष्ट्राच्या खऱ्याखुऱ्या जखमेत आहे. आपला इतिहास झाकून ठेवून नव्हे, तर तोच पुढे करून या लेखकाने परक्या वाचकांचा कौल मिळविला. आपल्या दृष्टीने यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

मराठीत विज्ञानकथा काल-परवाची नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ‘केरळकोकिळ’ मासिकातून ज्युल व्हर्न यांचा चंद्रप्रवास मराठी वाचकांच्या घरी आला, आणि त्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही स्वतंत्र कथा निघाली. परंतु या वाङ्मयाला प्रतिष्ठा मिळाली ती १९७४ नंतर. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्या वर्षी ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे आद्याक्षरे उलटी करून लपलेले जयंत विष्णू नारळीकर! जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने आपल्या कीर्तीचा भार परीक्षकांवर पडू नये म्हणून नाव लपवावे, ही गोष्ट मला त्या कथेइतकीच मोलाची वाटते. पारितोषिकाची भीड कशी टाळावी, याचा तो उत्तम धडा होय. पुढे १९७५ च्या कराड येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी या नव्या वाङ्मयाचे कौतुक केले. ‘यक्षांची देणगी’ या १९७९ सालच्या संग्रहाला महाराष्ट्र शासनाचे पारितोषिक मिळाले. आणि २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपदही नारळीकरांकडे आले. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले, तेव्हा मराठी विज्ञानकथेचे एक युग संपले, हे म्हणणे केवळ औपचारिक नव्हे.

तथापि एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. साहित्य अकादमीने २०१४ साली नारळीकरांचा गौरव केला तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राबद्दल. विज्ञानकथेबद्दल किंवा कादंबरीबद्दल नव्हे. त्या आत्मचरित्राची योग्यता मी कमी लेखत नाही. पण यातून एक श्रमविभाग दिसून येतो. विज्ञानकथेला शाबासकी द्यावी विज्ञानाच्या संस्थेने, आणि साहित्याच्या दरबारात तिने दुसऱ्या वेषात यावे! याचा दोष टीकाकारांकडे जातो, कारण ते शास्त्राच्या धाकाने तिची परीक्षाच करीत नाहीत. तितकाच तो लेखकांकडेही जातो. विज्ञानप्रसार हा हेतू एकदा पत्करला, की शास्त्र अचूक असणे व सुबोध असणे एवढ्यावर लेखणी समाधान मानू लागते.

नारळीकरांच्या कादंबऱ्यांतच याची दोन्ही टोके दिसतात. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत जमिनीखाली पुरलेल्या पेटीतून एका लुप्त, अतिप्रगत संस्कृतीचे ज्ञान हाती येते, आणि त्या ज्ञानातून घडलेला यंत्रमानव आपल्या निर्मात्यांपुढे संकट म्हणून उभा राहतो. वामनाच्या पुराणकथेचा धागा येथे मोठ्या मार्मिकपणे गुंफला आहे: लहानसे मागणे मान्य करावे आणि सर्वस्व गमवावे. बुद्धिमान यंत्रांवर लिहिणे-वाचणेही सोपविण्याच्या आजच्या काळात ही कादंबरी पुन्हा वाचण्याजोगी आहे. पण तिच्यातील माणसे एकमेकांशी बोलतात ती बहुधा वाचकाला समजावून देण्यासाठी. त्यांच्या शंका शास्त्राविषयी असतात, स्वतःविषयी क्वचितच. ‘प्रेषित’मध्ये परग्रहावरून आलेले मूल मनुष्याच्या घरात वाढते. या कल्पनेत केवढे कारुण्य साठले आहे! ज्यांनी वाढविले ते आपले, की ज्यांनी पाठविले ते? कर्णाची कथा पिढ्यान् पिढ्या ऐकलेल्या महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. लेखक त्याच्या दारापर्यंत आपल्याला नेतो, आणि कथेच्या वेगासाठी तेथून पुढे निघतो. ज्या ठिकाणी ले ग्विन थांबल्या असत्या, त्या ठिकाणी आपले लेखक घड्याळ पाहतात.

यावर असा आक्षेप येईल की, अंधश्रद्धेने ग्रासलेल्या समाजात विज्ञानकथेने प्रथम विज्ञान शिकवावे. करुणरसाची चैन पुढे पाहता येईल. हा आक्षेप सद्धेतूचा आहे, पण मला तो पटत नाही. शास्त्र शिकविण्यास शाळा आहेत, पाठ्यपुस्तके आहेत, आणि नारळीकरांनी स्वतः लिहिलेले सुंदर लेखही आहेत. कादंबरी जे करू शकते ते यांपैकी कोणी करू शकत नाही. एखादे नवे ज्ञान घरात आले म्हणजे त्या घरातील बाप, सून, म्हातारी, मजूर यांचे काय होते, हे आतून दाखविणे तिचेच काम आहे. तेच तिने टाकले, तर तिची आणि पाठ्यपुस्तकाची योग्यता एक होते, आणि त्या तुलनेत पाठ्यपुस्तक अधिक उपयोगी ठरते.

विषयांची तर आपल्याकडे वाण नाही. आमच्या जिंतुरापासून वायव्येस गेले की लोणारचे सरोवर लागते. आकाशातून पडलेल्या अशनीने कोरलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे. त्याच्या काठी देवळे बांधली गेली आणि आकाशातला तो आघात लवणासुराच्या कथेत विरघळला. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आले. पाण्याची आगगाडी ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी कोणी कादंबरीत लिहिली असती, तर तिला विज्ञानकादंबरीच म्हटले असते! त्या गाडीची वाट पाहणाऱ्या मनुष्यावर, किंवा ढगांत रसायन फवारून पाडलेल्या पावसावर हक्क कोणाचा, या प्रश्नावर लिहिलेली मराठी विज्ञानकादंबरी माझ्या वाचनात अद्याप आलेली नाही. ज्या दिवशी ती येईल त्या दिवशी तिला कोणते पारितोषिक मिळाले आहे हे मी पाहणार नाही. पुस्तक घेऊन बोरीस जाईन आणि ओट्यावर बसून काकांना वाचून दाखवीन. त्यांनी मध्येच थांबवून प्रश्न विचारला, तर ती कादंबरी साधली असे समजेन.